झोप लागेल अशी सायकल

आडवेकाका गाद्यांच्या कारखान्यात झोपायच्या नोकरीला होते. हसू नका. गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुकानात जाण्याआधी तिच्यावर कुणीतरी झोपून बघावंच लागतं, आणि त्या कारखान्यात ते कुणीतरी म्हणजे काका. सकाळी यायचं, हजेरी लावायची, बूट काढायचे, मोज्यांना भोक नाही ना ते बघायचं (अंगठा गार पडला की निकाल चुकतो, असं त्यांचं म्हणणं), आणि तपासणीच्या खोलीत नव्या गादीवर आडवं व्हायचं. झोप लागली तर गादी पास. टक्क जाग राहिली तर नापास. मग पॅकिंगच्या बाई येऊन त्यांना हलवायच्या, “काका, उठा, पास झाली ती,” आणि काका डोळे चोळत शेजारच्या गादीवर जायचे. मोजमापाची यंत्रं कारखान्यात ढिगानं होती, पण मॅनेजरांचा भरवसा काकांच्या घोरण्यावर होता. काकांचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं. ते कुणी वापरायचंच नाही.

आता इतकी सुखाची नोकरी असलेल्या माणसाच्या घरी काय चाललं असेल? वाटोळं चाललं होतं. दिवसभर झोपून आलेला माणूस रात्री झोपणार कसा! आणि त्याहून वाईट म्हणजे, घरी अंग टेकलं की काकांना कामावर असल्यासारखं वाटायचं. नवीन लग्न झालं तेव्हा बिचाऱ्यांनी प्रयत्न केला होता. नव्या नवरीच्या शेजारी आडवे झाले आणि छताकडे बघत गंभीर आवाजात म्हणाले, “मध्ये जरा खोलगट आहे. डाव्या बाजूला भरणी कमी पडलीय.” काकूंना वाटलं, हे आपल्याबद्दलच चाललंय. त्यांनी तोंड फिरवलं ते आठवडाभर सरळ केलं नाही. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन आपल्या घरी गेली, पण काका काही घरच्या गादीला पाठ टेकेनात. ते खिडकीपाशी लाकडी खुर्चीत ताठ बसायचे, उजाडेपर्यंत. काकूंनी आधी समजावून सांगितलं, मग भांडून बघितलं, मग अबोला धरला, आणि शेवटी नाद सोडला. बायकोनं नाद सोडला की नवऱ्याला वाटतं, चला, मिटलं एकदाचं. काकांनाही तसंच वाटलं. मूर्खपणा, दुसरं काय!

काकू रक्त तपासायच्या लॅबमध्ये होत्या. लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची आणि समोरचा “आई गं” म्हणायच्या आत सुई बाहेर काढायची, यात त्यांचा हातखंडा. निवृत्त झाल्या त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, आता ही बाई विणकाम करील, फार तर कुंड्यांमध्ये मिरच्या लावील. काकूंनी सायकल घेतली. पहाटे उठून, केस बांधून, गल्लीतल्या पाच-सहा सायकलवाल्यांबरोबर त्या निघायच्या आणि कोवळं ऊन अंगावर घेऊन परत यायच्या. गाल लाल झालेले, तोंडात कसलंसं गाणं. स्वयंपाकघरात भांडी आपटायचा आवाज बंदच झाला. काकांना आधी बरं वाटलं. मग एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकापाशी काकू उभ्या होत्या, शेजारी त्या सायकलवाल्यांपैकीच एक, दातांचे डॉक्टर, उभे होते, आणि डॉक्टर काहीतरी बोलले तशा काकू हसल्या. हसल्या म्हणजे किती हसाव्यात? फाटकाचा आधार घ्यावा लागला त्यांना.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. डॉक्टरांचा संशय वगैरे काही नव्हता हो! हे वय काय, आणि डॉक्टरांचं सगळं प्रेम त्यांच्या कार्बनच्या सायकलवर. ती सायकल ते भिंतीला टेकवून ठेवत नसत, ओरखडा पडेल म्हणून. टपरीवर चहा पितानासुद्धा एका हातात कप, दुसऱ्या हातात सायकल. काका उठले ते वेगळ्या कारणानं. ही बाई इतकी हसू शकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काकू वर आल्या, हात धुतले आणि पोळ्यांची कणीक मळता मळता म्हणाल्या, “अहो, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तळ्यावर जाणार आहोत. सगळे जोडीनं येतायत.”

“हं,” काका म्हणाले.

“याल तर या. मी आता पुन्हा विचारणार नाही.” त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी सांगावं तशा. “मला काय, सोबतीला माणसं आहेत.”

काकांना भीती वाटली. खरंच वाटली. ही बाई आता रोज थोडी थोडी पुढे जाणार, आज तळ्यापर्यंत, उद्या आणखी कुठे, आणि आपण खिडकीतून तिची पाठ बघत राहणार. एवढं आयुष्य एका घरात काढलं आणि म्हातारपणी एकमेकांची ओळखसुद्धा राहायची नाही. ते घाईघाईनं म्हणाले, “येतो की! पण मला आरामशीर सायकल पाहिजे.”

“बघा, मिळतेय का,” काकू म्हणाल्या आणि कणकेवर ताट झाकलं.

सायकलचं दुकान एका बाईंचं होतं. दुकान म्हणजे लांबट खोली, वर हुकांना टांगलेल्या फ्रेमी, खाली ग्रीसचा वास. बाई स्वभावानं चांगल्या, पण गिऱ्हाइकानं मूर्खासारखं बोललेलं त्यांना खपत नसे, आणि तेवढ्यात काका दारात उभे. “मला लांब पल्ल्याची, रस्त्यावरची, पण आरामाची सायकल हवी,” काका म्हणाले, आणि बूट काढू लागले.

“बूट कशाला काढताय, काका?”

“तपासायचं नाही का?”

बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. हे ॲल्युमिनियम. हलकं, ताठ, चटकन पळतं, पण रस्त्यावरचा खडा न खडा बुडाला कळवतं. हे कार्बन. त्याहून हलकं, धक्केही खातं, पण कुठे आपटलं आणि आत चीर गेली तर वरून कळायचं नाही. आणि हे स्टील. जरा जड, पण नळ्या बारीक असतात, त्यात लवचीकपणा असतो. धक्का वर येईपर्यंत निम्मा जिरतो. मोडलीच तर वेल्डिंगवाला कुठेही भेटतो. “तुमच्या वयाला, तुमच्या रस्त्याला, स्टील घ्या,” बाई म्हणाल्या. “हँडल जरा उंच ठेवू, म्हणजे कंबर वाकणार नाही. आणि खरं सांगू का? आराम फ्रेमपेक्षा टायरमध्ये जास्त असतो. जाड टायर घालायचा, हवा थोडी कमी ठेवायची, झालं.”

काकांचा चेहरा पडला. “टायरमध्ये?” ते म्हणाले. “म्हणजे उद्या म्हणाल, गादीचा आराम खोळीत असतो!”

“अहो, पण खरंच...”

“बाई, या धंद्यात माझे केस पिकले. आरामाचं मला सांगू नका. वरवरचं काही नसतं. आत काय भरलंय ते बघावं लागतं.” आणि त्यांनी सांगून टाकलं की, ज्या सायकलवर झोप लागेल ती आपली सायकल.

बाईंनी कपाळाला हात लावला. “काका, सायकलवर झोपायचं नसतं. सायकलवर आराम म्हणजे उतरल्यावर कंबर न दुखणं. जागं राहायचं, डोळे उघडे ठेवायचे, समोर बघायचं.”

“ते चालवणाऱ्याचं झालं. मी तपासणीचं म्हणतोय,” काका म्हणाले.

काय बोलणार! दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर काका पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी आधी ॲल्युमिनियमच्या सायकलवर बसून डोळे मिटले, मग स्टीलच्या. सायकल स्टँडला बांधलेली, काका हँडलवर कोपरं टेकून, दुकानातली गिऱ्हाइकं कुजबुजत. एकानं विचारलं, यांना काही होतंय का, पाणी आणू का? बाई वैतागून म्हणाल्या, “अहो, स्टँडवर सगळ्या सारख्याच लागणार! धक्का बसला तर फ्रेम कळते ना!” हे मात्र काकांना पटलं. चुकून पटलं म्हणायचं, कारण त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

मध्ये एक टायटॅनियमची सायकलही पाहून झाली. कुणाची तरी दुरुस्तीला आलेली होती. बाई तिला हात लावू देईनात. “गंजत नाही, वाकत नाही, थकत नाही,” त्या म्हणाल्या. “नातवंडं चालवतील.”

“मग नको,” काका म्हणाले. “मी गेल्यावरही तिचं चाललेलंच. बरं नाही वाटत.”

तर, धक्का. गाद्यांच्या कारखान्यात एक मोठं लाकडी लाटणं होतं. खरंच लाटणं, माणसाएवढं, मोटरवर फिरणारं. ते नव्या गादीवरून मागेपुढे फिरवायचं, म्हणजे वापरून वापरून गादी किती दबेल त्याचा अंदाज येतो. काकांच्या मनात आलं, या लाटण्यावर पट्ट्या ठोकल्या, ते जागच्या जागी फिरवलं आणि त्यावर सायकलचं मागचं चाक ठेवलं, तर जगातला वाईटातला वाईट रस्ता बसल्या जागी तयार. ते मॅनेजरांकडे गेले. मॅनेजर त्यांना नाही म्हणूच शकत नसत. मॅनेजरांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या, त्यांना काकांनी स्वतः निवडून दिलेल्या गादीवरच झोप लागायची, आणि त्या झोपल्या तरच मॅनेजर जेवू शकायचे. त्यांनी मान डोलावली. सायकलवाल्या बाईंनीही हात टेकले होते. “न्या ह्या दोन. एक ॲल्युमिनियम, एक स्टील. पण मला परत आणून द्या, आणि स्वतः धड परत या,” त्या म्हणाल्या.

कार्बन राहिलं होतं. काकांनी मनाचा हिय्या केला आणि दातांच्या डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर एका पायावर तयार झाले. कार्बनइतका आराम जगात कशात नाही, हे ते सगळ्या गल्लीला सांगून थकले होते आणि गल्ली ऐकून थकली होती. आता ते सिद्ध होणार होतं. ठरल्या दिवशी ते सायकल शालीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन कारखान्यात आले.

तपासणीच्या खोलीत ही गर्दी! शिलाईवाले आले, कापूस पिंजणारे आले, पॅकिंगच्या बाई हातातलं प्लॅस्टिक तसंच घेऊन आल्या. पुढचं चाक खांबाला बांधलं, मागचं लाटण्यावर, आणि काकांच्या दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग रचले, पडले तर पडू देत म्हणून. पहिली ॲल्युमिनियमची. लाटणं सुरू झालं आणि काका कढईतल्या लाह्यांसारखे उडायला लागले. त्यांचा चष्मा नाकावरून कपाळावर गेला. त्यांनी डोळे मिटले होते, पण दात वाजत होते. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. “ना-ना-नापास,” ते म्हणाले.

मग कार्बन. ही सायकल खरोखर गुणी होती, खोटं कशाला बोला. धक्के बसत होते, पण मऊ बसत होते. काकांची मान खाली येऊ लागली. डोळा लागणार, एवढ्यात डॉक्टर ओरडले, “हळू! अहो, हळू! कार्बन आहे!” काका दचकले. पुन्हा मान खाली, पुन्हा डॉक्टर, “थांबवा ते! काहीतरी कट्ट झालं!” कट्ट झालं नव्हतं, कुणीतरी बोटं मोडली होती. शेवटी डॉक्टरांनी लाटण्याशेजारी आडवं पडून फ्रेमच्या नळीला कान लावला, तिचे श्वास मोजावेत तसा. काका उतरले. “सायकल चांगली आहे, डॉक्टर,” ते म्हणाले, “पण मालक झोपू देत नाही. नापास.” डॉक्टरांना ते इतकं लागलं की ते सायकल शालीत गुंडाळून, कुणाशी न बोलता निघून गेले.

आणि मग स्टील. निळ्या रंगाची, अंगानं सडपातळ, दिसायला अगदी साधी. लाटणं फिरू लागलं. काका आधी थोडे हलले, मग कमी हलले, मग हलणं आणि काका यांचं काहीतरी जमलं. खांदे सैल झाले. हनुवटी छातीला टेकली. खालचा ओठ जरा पुढे आला. पॅकिंगच्या बाई कुजबुजल्या, “ओठ आला पुढे, आता पास होणार बघा.” आणि खरंच, लाटण्याच्या खडखडाटावर चढून काकांचं घोरणं ऐकू आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्या कारखान्यात झोपलेल्या काकांसमोर आवाज करायची पद्धत नव्हती. सगळे चवड्यांवर आपापल्या कामाला गेले. मॅनेजरांनी येऊन पाहिलं आणि त्यांना काकांचा हेवा वाटला.

सायकल घेतली. दुकानाच्या बाईंनी हट्टानं तिला जाड टायर घातले, हँडल उंच केलं, सीटची उंची तीन वेळा बदलली आणि काकांना मैदानात नेऊन चक्कर मारायला लावली. काका लहानपणी सायकल चालवायचे, त्यामुळे दोनदा झाडावर आदळून तिसऱ्यांदा जमलं. “कशी वाटते?” बाईंनी विचारलं.

“जांभई येतेय,” काका कौतुकानं म्हणाले.

“काका, मी पुन्हा सांगते...”

पण काका गेलेसुद्धा. मुलीला फोन करून त्यांनी फ्रेमींचा सगळा इतिहास ऐकवला. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आईबरोबर जाताय ना, तेवढं बघा. फ्रेम कसली का असेना.” काकांना वाटलं, हिला यातलं काही कळत नाही.

रविवार उजाडला. काकूंनी काकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. पट्टा ओढताना त्यांचं बोट काकांच्या गळ्याला लागलं आणि काकांना उगाच लाजल्यासारखं झालं. खाली सगळी मंडळी जमली होती. डॉक्टर कार्बन घेऊन जरा बाजूला, अजून रुसलेले. निघाले सगळे. काका काकूंच्या बाजूनं चालवत होते. त्यांना खूप काही बोलायचं होतं. सकाळ किती छान आहे, तू किती सराईतपणे चालवतेस, तुला मी हसताना पाहिलं खिडकीतून, असं काही. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “कार्बनपेक्षा ही धक्का जास्त जिरवते.”

“हो का,” काकू म्हणाल्या आणि समोर बघत राहिल्या.

काकांना स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. मनातल्या मनात पुढचं वाक्य जुळवत ते चालवत राहिले. गावाबाहेरचा रस्ता लागला. नवाकोरा, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झाडं, सावली, ऊन, सावली, ऊन, आणि टायरांचा नुसता सळसळ आवाज. पाय आपले फिरतायत, फिरतायत. काकांनी वाक्य जुळवत आणलं होतं. ‘मला तुझ्याबरोबर...’ इथपर्यंत आलंही होतं.

आणि काका झोपले.

पुढचं त्यांना नंतर कळलं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण पाय फिरत होते आणि सायकल अशी नाकासमोर चालली होती की जागेपणी कधी चालली नव्हती. काका वेगातही आले. दोघांना मागे टाकलं. डॉक्टरांनाही गाठलं. डॉक्टरांनी रागानं वळून बघितलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. “अहो, यांचे डोळे मिटलेत!” ते किंचाळणार होते, पण काकूंनी मागूनच दटावलं, “कुणी ओरडायचं नाही! दचकले तर पडतील.” आणि त्या जोरात पेडल मारत काकांच्या बरोबरीला आल्या. डावा हात स्वतःच्या हँडलवर, उजव्या हाताचा तळवा काकांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. काका डावीकडे झुकले की तळवा जरा उजवीकडे, उजवीकडे झुकले की जरा डावीकडे. एवढ्याशा दाबानं माणूस सरळ चालतो, हे त्यांनाही नवीन होतं. बाकीची मंडळी चूपचाप भोवताली. पुढच्या चौकात हवालदार उभा होता. त्यानं ही मिरवणूक पाहिली, घोरणं ऐकलं, चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मागून दुधाची गाडी येत होती, तिनंही हॉर्न वाजवला नाही.

काकांना जाग आली ती पाठीवरच्या हातानं. सवयीनं वाटलं, पॅकिंगच्या बाई. ‘पास’ म्हणून उठणारच होते, पण वारा लागला तोंडाला, पाय फिरताना जाणवले आणि एकदम ध्यानात आलं की आपण कुठे आहोत. डोळे उघडणार, तेवढ्यात त्या हाताची ओळख पटली. किती वर्षांनी! हा हात शेवटचा कधी पाठीवर होता, ते त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. ताप आला होता तेव्हा? मुलगी सासरी गेली तेव्हा? नाही, तेव्हा ते खुर्चीत होते आणि ही दाराशी. काही केल्या आठवेना. आणि काकांनी डोळे उघडले नाहीत. डोळे उघडले तर हात जाईल. समोर खड्डा असो, विहीर असो, ट्रक असो, त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि पेडल मारत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. जमेना. घोरण्याचा आवाज काढून पाहिला, तो हुंदक्यासारखा निघाला. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि वाऱ्यानं कानाकडे पळालं.

“जागे आहात,” काकू म्हणाल्या.

काकांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“झोपलेला माणूस रडत नाही हो.”

“मग काढ की हात,” काका कसेबसे म्हणाले.

काकूंनी काढला नाही. तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं ठेवायचा म्हटलं, तर तुम्ही शेजारी होतात कधी?”

काकांनी डोळे उघडले. रस्ता होता, झाडं होती, पुढे तळ्याचं वळण दिसत होतं. एरवी अशा वेळी ते गादीबद्दल काहीतरी बोलले असते. आता त्यांनी फक्त सायकल जरा तिच्या बाजूला घेतली, तिला हात लांबवायला लागू नये एवढी. मंडळी वळली. “अहो, इकडे! तळं इकडे!” डॉक्टर हात हलवून ओरडत होते. पण वळायचं तर काकूंना दोन्ही हातांनी हँडल धरावं लागलं असतं. म्हणून ती दोघं वळलीच नाहीत, सरळ पुढे गेली.